नबीलालच्या गाडीत बकरी पडत नाही

येरमाळ्याच्या नबीलालने एकतीस वर्षांत किती बकऱ्या बाजाराला पोचवल्या हे त्याला विचारू नये, कारण त्याला ते माहीत नाही. त्याला एकच आकडा माहीत आहे आणि तो शून्य आहे. बाजाराच्या वाटेवर त्याच्या गाडीत एकही बकरी पडलेली नाही. हे तो स्वतःहून कधी सांगत नाही, पण समोरचा विचारेपर्यंत तिथून हलतही नाही.

ज्यांनी बकऱ्या कधी नेल्या नाहीत त्यांना यात विशेष काही वाटणार नाही. बकरी पिकअपमध्ये उभी राहून जाते. मागे वीस-बावीस जणी एकमेकींना खेटून, आणि रस्ते आपले असे. ड्रायव्हरने ब्रेक आदळला किंवा क्लच झटकन सोडला की एखादी गुडघे टेकते, आणि एकदा खाली गेलेल्या बकरीला बाकीच्या वर येऊ देत नाहीत. त्यांचा काही राग नसतो, त्यांना जागा नसते. बाजार येईपर्यंत तिचा पाय मोडलेला असतो, नाहीतर ती मेलेली असते. बाकीचे ड्रायव्हर याला नशीब म्हणतात. नबीलाल याला गाढवपणा म्हणतो, आणि कुणाचा ते सांगायची त्याला गरज वाटत नाही.

त्याची पद्धत साधी होती, म्हणूनच दुसऱ्या कुणाला जमली नाही. आजवर त्याच्या तीन गाड्या झाल्या आणि तिन्हींच्या केबिनची मागची काच त्याने आल्या आल्या काढून टाकली. गाडीत गाणी नाहीत. मोबाइल बंद. कारण त्याला खुरं ऐकायची असतात. उभ्या बकऱ्या सारख्या पाय बदलतात, पत्र्यावर त्याची बारीक टकटक चालू असते. टकटक एका बाजूला गोळा झाली की त्या तोल सावरतायत, मग तो वेग कमी करतो. टकटक थांबली की काहीतरी बिनसलंय, मग तो गाडीच उभी करतो. शेजारच्याने मध्ये बोललेलं त्याला चालत नाही. यामुळे त्याच्या शेजारी सहसा कुणी बसत नसे आणि त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती.

दुसरी गोष्ट फळीची. बाजारात बकरी गाडीत चढवायची रीत म्हणजे एक पुढचा पाय आणि एक मागचा पाय धरून तिला आत भिरकावायची. नबीलालकडे बाभळीची एक सहा फुटी फळी होती, खुरं घसरू नयेत म्हणून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या. ही फळी लावायची आणि बाजूला व्हायचं. कान ओढायचा नाही, शेपूट पिळायची नाही, तोंडाने हर्र हर्र करायचं नाही. बकरी फळी हुंगते, थोडा विचार करते आणि चढते. एक चढली की बाकीच्या तिच्या मागे. मालक लोक घड्याळ बघत आणि मनातल्या मनात काहीबाही बोलत. नबीलाल म्हणायचा, "आपल्या पायानं चढलेली बकरी आपल्या पायावर उभी ऱ्हाती. उचलून टाकलेली गाडीत पण उचलून टाकल्यासारखीच ऱ्हाती."

जवळच्या, तेरखेड्यापुढच्या वाशीच्या बाजारात बाबूराव नावाचा बकऱ्यांचा व्यापारी होता. नबीलालची गाडी आली की राम राम, सलाम काही न करता तो एवढंच विचारी, "नबीभाई, एखादी पडली का?" नबीलाल म्हणे, "अजून तरी न्हाय." मग दोघे चहा पीत. हे संभाषण बावीस वर्षं चाललं होतं आणि त्यात एका शब्दाचाही बदल झाला नव्हता.

मग नबीलालचा पाय गेला.

बाभळीचाच काटा होता. शुगर होती, ती त्याने आठ-दहा वर्षं कुणी पाहुणा घरी यावा तशी निभावून नेली होती. काटा डाव्या अंगठ्यात गेला, अंगठा काळा पडला, मग पाऊल, आणि सोलापूरच्या डॉक्टरांनी गुडघ्याखालून पाय काढला. परतताना मुलगा रिजवान पुण्याहून आला होता. दारात गाडी थांबली तशी रिजवानने एक हात बापाच्या पाठीमागून आणि एक मांड्यांखालून घातला, त्याला उचललं आणि आत नेऊन पलंगावर ठेवलं. नबीलालने विचारलं, "मी पिशवी हाय का?" कुणालाच तो प्रश्न वाटला नाही, म्हणून कुणी उत्तर दिलं नाही.

त्यानंतर त्याला सगळेच उचलू लागले. रिक्षात बसताना रिक्षावाला, मशिदीच्या पायरीवर दोघं-तिघं, लग्नाच्या मांडवात तर अनोळखी माणसंसुद्धा. गावात मदत करणाऱ्यांची कमी नव्हती. काखेत हात घालायचे, हुं म्हणायचं आणि वर. लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलू लागले, जणू पायाबरोबर त्याचे कानही थोडे कापले गेले होते. त्याची बायको शरिफाबी तेवढी पहिल्यासारखी ओरडायची. त्याला तेवढाच आधार होता.

अकरा महिन्यांनी नकली पाय आला. चालायला तो बरा होता. नबीलाल त्या पायाने पहिल्यांदा गेला तो कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या पिकअपकडे. कसाबसा चढला, किल्ली फिरवली आणि क्लच दाबला. दाबणं जमलं. पण क्लच दाबायचा नसतो, सोडायचा असतो, आणि तो कुठं धरतो हे पायाच्या तळव्याला कळावं लागतं. लाकूड-रबराच्या तळव्याला ते कळेना. गाडीने उडी मारली आणि बकऱ्यांची पाण्याची टाकी फोडून थांबली. शरिफाबीने वाहतं पाणी बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि आत निघून गेली. ती ओरडली नाही, तेव्हा नबीलाल खरा घाबरला.

बकरी ईदला चार महिने राहिले होते. वर्षातला हाच त्याचा खरा हंगाम. मागचा हंगाम त्याने पलंगावर पडून, लोकांच्या गाड्या जाताना ऐकत घालवला होता. कुणाची टकटक कशी आहे हे त्याला पलंगावरून कळे. गाडी भाड्याने द्या, ड्रायव्हर ठेवा, असं चार लोकांनी सांगून झालं. तो ऐकून घ्यायचा. त्याला बकऱ्या पोचवायच्या नव्हत्या, त्याला बकऱ्या स्वतः न्यायच्या होत्या, आणि यातला फरक ज्याला समजावून सांगावा लागतो त्याला तो सांगून उपयोग नसतो.

मुरूमहून शांतलिंगअप्पा आले ते अशा वेळी. गिअरबॉक्सचं काम करणारा हा माणूस. कपाळाला विभूती, हाताला ग्रीस, आणि दिवसाला पंधरा-वीस वाक्यं. नबीलालच्या आधीच्या दोन्ही गाड्या त्यांच्याच हातून गेलेल्या. त्यांनी गाडी बघितली, फुटलेली टाकी बघितली, नकली पाय हातात घेऊन त्याचा घोटा वाकवून बघितला आणि म्हणाले, "ह्यात बिघाड न्हाय. क्लचच काढून टाकू."

उलटलेल्या एका मोठ्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स त्यांच्या हाती लागला होता. तो पिकअपला बसवता येईल, थोडं कापावं लागेल, थोडं जोडावं लागेल, आरटीओची परवानगी आधी घ्यावी लागेल. फक्त त्या गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर अपघातात तडकला होता. तो दुसरा निवडावा लागणार होता.

"त्यो काय असतो?" शरिफाबीने विचारलं.

अप्पांनी घरातला टेबलफॅन मागवला. शेजारचा एक आणवला. दोन्ही तोंडाला तोंड लावून ओट्यावर ठेवले आणि एकच चालू केला. समोरचा बंद पंखा आधी नुसता थरथरला, मग त्याची पाती फिरू लागली. अप्पांनी त्या बंद पंख्याच्या पात्याला बोट लावलं. तो थांबला. चालू पंखा फिरतच राहिला.

"ह्यो चालतोय त्यो इंजिन," अप्पा म्हणाले. "त्यो फिरवला जातोय त्यो गाडी. मधी क्लच न्हाय. ब्रेक लावला, गाडी थांबली, इंजिन चालूच. ब्रेक सोडला, गाडी निघाली. पायाला काही कळायची गरज न्हाय."

"म्हंजी गाडी वाऱ्यावर चालणार?"

"तेलावर, भाबी. वाऱ्याच्या जागी तेल. भांडं बंद असतं."

नबीलाल त्या थांबलेल्या पंख्याकडे बघत होता. अप्पांनी बोट काढलं तसा पंखा पुन्हा हळूहळू फिरायला लागला, आणि नबीलालला एकदम इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने शेजाऱ्याच्या पंख्यावरची धूळ पुसायला घेतली.

आता भांडं कोणतं घ्यायचं यावर गोष्ट आली. अप्पांनी एक बघून ठेवलं होतं. जुनंच, उघडून नीट केलेलं, दोन पराती तोंडाला तोंड लावून जोडल्यासारखं दिसणारं. इंजिनाचे फेरे मिनिटाला अठराशेच्या आसपास गेले की ते पुरतं पकडायचं. पण रिजवान पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला होता आणि तिथं हौशी पोरं येत, रात्रीतून गाड्या बदलून घेणारी. रिजवानने फोनवर सगळं ऐकलं आणि चौथ्या दिवशी स्वतःच एक खोकं घेऊन आला. आत निळा रंग दिलेला, चकचकीत, नवाकोरा कन्व्हर्टर. शर्यतीच्या गाड्यांना लावतात तो. परफॉर्मन्सचा.

"अठ्ठावीसशेला पकडतो, अब्बा," रिजवान म्हणाला. "अठराशे कुठं, अठ्ठावीसशे कुठं. ह्याच्यावर गाडी सुटली की सुटली."

अप्पांनी निळं भांडं हातात घेतलं, वजन बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि खाली ठेवलं. "पर ह्यो पेट्रोलच्या पळणाऱ्या गाडीचा हाय. ह्यो आधी इंजिनाला बोंबलू देतो, मग धरतो. आपलं डिझेल. त्याचा जोर दोन हजाराच्या आतच हाय. तिथं ह्यो सैल पडंल. सैल पडला की नुसतं तेल तापतं."

"अप्पा, जुन्या मालाची सवय हाय तुमाला," रिजवान म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला.

अप्पांचा त्या दिवसाचा वाक्यांचा साठा संपत आला होता. ते म्हणाले, "नबीभाईंची गाडी हाय. नबीभाई ठरवतील."

दोन दिवस गावात दुसरा विषय नव्हता. हायवेवरच्या हॉटेलात ज्यांनी परवापर्यंत टॉर्क कन्व्हर्टर हा शब्द ऐकला नव्हता ते त्याबद्दल ठामपणे बोलू लागले. एकाचं म्हणणं पडलं की आकडा मोठा तो माल चांगला, हे खतापासून शाळेच्या मार्कांपर्यंत सगळीकडे खरं आहे. दुसऱ्याने रंगाचा मुद्दा काढला. निळ्याच्या बाजूने अकरा आणि जुन्याच्या बाजूने कोणी नाही, कारण अप्पा मुरूमला परत गेले होते.

नबीलालला अप्पांचं पटलं होतं. हे त्याने नंतर कबूल केलं. पण त्याच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे रिजवानने ते खोकं पुण्याहून मांडीवर घेऊन आणलं होतं, बसच्या टपावर टाकलं नव्हतं. दुसरी जरा लाजिरवाणी होती. वर्षभर लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलले होते. आता त्याला वाटत होतं की आपली गाडी वाशीच्या बाजारात शिरावी तेव्हा तिने असा आवाज करावा की सगळ्यांनी मान वळवून बघावं. एकतीस वर्षं ज्याने आवाज होऊ नये म्हणून गाडी चालवली त्याला हे वाटलं.

"निळाच लावा," त्याने अप्पांना फोनवर सांगितलं.

परवानगीचा कागद हातात आल्यावर अप्पा येऊन दहा दिवस राहिले आणि त्यांनी तो लावला. मनापासून लावला, तेल थंड करायची जाळीसुद्धा पुढे बसवली. अंगणात गाडी चालली. ब्रेक सोडला की आळसावल्यासारखी पुढे सरकायची, पण चालायची. रिजवानने बापाला उचलून सीटवर बसवलं तेव्हा शेजारपाजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या गाडीला होत्या असं नबीलालने ठरवून टाकलं.

खरी परीक्षा घाटात घ्यायची ठरली. मागे घरच्याच सहा बकऱ्या घेतल्या. बकऱ्या शरिफाबीच्या होत्या. ती म्हणाली, "माझ्या बकऱ्यांवर परीक्षा हाय तर मी पण बसणार." आणि ती मागे बकऱ्यांमध्ये उभी राहिली. रिजवान पुढे बापाशेजारी बसला. अप्पांना या म्हटलं तर ते म्हणाले, "तुमी जाऊन या. मी इथं चहा पितो."

सपाटीवर ठीक होतं. इंजिन जरा जास्त गुरगुरत होतं, पण रिजवान म्हणाला ते तसंच असतं. घाटाच्या मध्यावर पुढे एक उसाचा ट्रॅक्टर अडला होता. नबीलालने ब्रेक लावून गाडी उभी केली. ट्रॅक्टर हलला तसा त्याने ब्रेक सोडला आणि एकतीस वर्षांच्या सवयीने, अंडं फुटू नये इतक्या हलक्याने ॲक्सिलेटर दाबला.

गाडी हातभर मागे आली.

त्याने अजून दाबलं. इंजिन ओरडलं, गाडी जागेवरच. मागे एसटी उभी होती, तिने हॉर्न दिला. नबीलाल घाबरला आणि त्याने पाय जोरात रोवला. इंजिनाने बोंब मारली आणि मग निळ्या भांड्याने एकदम धरलं. गाडी सुटली की सुटली, रिजवान म्हणाला होता तशीच.

वर पोचेपर्यंत इंजिन ओरडतच होतं. सपाटी लागली, आवाज उतरला, तेव्हा नबीलालला मागून ठोकल्याचा आवाज आला. कुणीतरी केबिनच्या पत्र्यावर मुठीने ठोकत होतं. त्याने गाडी बाजूला घेतली आणि मान वळवून त्या काच नसलेल्या खिडकीतून मागे बघितलं.

भुरी नावाची थोराड बकरी पत्र्यावर आडवी पडली होती. तिच्यावर गुडघे आणि एक हात टेकून शरिफाबी ओणवी झाली होती, चारही बाजूंनी तिला झाकून. बाकीच्या पाच बकऱ्यांचे पाय शरिफाबीच्या पाठीवर पडले होते. पाठीवर पदर फाटला होता. भुरी जिवंत होती आणि वैतागलेली होती.

"कवापासून ठोकतीय मी," शरिफाबी म्हणाली.

"ऐकू आलं न्हाय," नबीलाल म्हणाला.

हे वाक्य त्याने जन्मात कधी उच्चारलं नव्हतं. त्याने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. एक बकरी पडली होती, तिच्यावर त्याची बायको तुडवली जात होती, आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. खुरांची टकटक त्याने अंगणापासून एकदाही ऐकली नव्हती. इंजिनच इतकं बोलत होतं की मागे काय चाललंय हे बघायची आठवणही झाली नाही.

शरिफाबीने भुरीला उठवून उभं केलं, पदर सावरला आणि खिडकीत तोंड घालून म्हणाली, "तुमाला इंजिन ऐकायचंय का बकऱ्या ऐकायच्यात, ते एकदा ठरवा."

घरी अप्पांनी बॉनेट उघडायच्याही आधी नाक वर करून वास घेतला. "तेल करपलं," ते म्हणाले आणि चहाचा कप धुवायला गेले. रिजवान टाकीच्या फुटक्या काठावर बसला होता. त्याने पुण्यात अशी पन्नास भांडी विकली होती आणि एकदाही कुणी त्याला विचारलं नव्हतं की गाडीत मागे कोण उभं असतं. तो म्हणाला, "अब्बा, माझं चुकलं."

"तुझं एवढंच चुकलं की तुझ्या बापावर तुझा जीव हाय," नबीलाल म्हणाला. "तू आणलंस म्हणून लावलं. आन अर्धं माझ्या मस्तीपायी लावलं. ते अर्धं तू माझ्याकडंच ऱ्हाऊ दे."

निळं भांडं उतरवलं. रिजवानने ते पुसून परत खोक्यात भरलं. जुनं चढलं. या वेळी हॉटेलातल्या कुणालाही विचारलं नाही, त्यामुळे काम चार दिवसांतच झालं.

पुन्हा घाट. पुन्हा त्याच सहा बकऱ्या, आणि भुरीला पुन्हा चढवताना फळीशी बराच वेळ थांबावं लागलं, तिच्याकडे कारण होतं. शरिफाबी पुन्हा मागे. नबीलालने चढावर मुद्दाम गाडी उभी केली. ब्रेक सोडला. गाडी मागे आली नाही. त्याने हलकेच दाबलं आणि गाडी, कुणी पाठीवर हात ठेवून चल म्हणावं तशी, निघाली. इंजिन खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत होतं. आणि मागच्या उघड्या खिडकीतून बारीक टकटक येत होती. सहा बकऱ्या, चोवीस खुरं, आणि मध्येच शरिफाबीच्या चपला. त्याने सगळी मोजली. वर पोचल्यावर तो थोडा वेळ रडला. शरिफाबीने खिडकीतून ते बघितलं आणि भुरीच्या कानामागे खाजवत राहिली.

आरटीओत निरीक्षक म्हणून चारुशीला नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी गाडी खालून-वरून बघितली, नबीलालकडून चालवून घेतली, चढावर थांबवून पुन्हा निघायला लावली. उतरताना म्हणाल्या, "तुम्ही फारच हळू चालवता, काका." नबीलालने ती प्रशंसा समजून आभार मानले. कागद झाले, परवाना नवा झाला, आणि ईदला तीन आठवडे राहिले असताना वाशीच्या बाजाराचा दिवस उजाडला.

रिजवान दोन दिवसांची सुट्टी काढून आला होता. सकाळी वीस बकऱ्या फळीवरून चढल्या. फळी आत गेली, मागचा फाळका लागला. मग रिजवानने सवयीप्रमाणे बापाच्या काखेत हात घातला, उचललं आणि सीटवर ठेवलं. नबीलालने ते चालवून घेतलं. सूर्य वर यायच्या आत निघायचं होतं आणि तो आनंदात होता. तेरखेडा गेलं, वाशी आली. वाटेत रिजवान एक शब्द बोलला नाही. निम्म्या वाटेवर त्यालाही टकटक ऐकू यायला लागली.

बाजारात गाडी शिरली तेव्हा कुणीही मान वळवून बघितलं नाही, इतका तिचा आवाज कमी होता. बाबूराव लिंबाखाली बसला होता. तो उठला. सव्वा वर्षाने तो नबीलालला बघत होता. त्याची नजर आधी दाराच्या खालच्या बाजूला गेली, मग त्याने ती घाईने वर आणली. लोक अशा वेळी काय बोलतात ते बाबूरावला येत नव्हतं, म्हणून त्याने जे येत होतं तेच विचारलं.

"नबीभाई, एखादी पडली का?"

घाटात काय झालं हे घरच्या तिघांना आणि अप्पांना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. बकरी घरची होती, फेरी भाड्याची नव्हती, बाजारही नव्हता. रिजवानने बापाकडे बघितलं.

"एक पडली," नबीलाल म्हणाला. "महिन्यामागं. घाटात. माझ्या हातून."

बावीस वर्षांत हे उत्तर बाबूरावला कधी मिळालं नव्हतं आणि पुढे काय म्हणायचं हे ठरलेलं नव्हतं. त्याने पागोटं काढलं, डोकं खाजवलं, पुन्हा घातलं.

"आणि आज?"

"आज न्हाय."

"मग उतरवा की," बाबूराव म्हणाला, आणि त्याने चहा सांगितला.

फाळका उघडला. बाबूरावचा एक नवा गडी पुढे झाला आणि त्याने पहिल्या बकरीचा कान धरला. केबिनमधून नबीलालचा आवाज आला, "ओढू नको रं. फळी लाव आन बाजूला हो." गड्याने फळी लावली. बकऱ्या आल्या, थांबल्या, आणि फळी हुंगून एकेक करून आपापल्या पायाने उतरल्या. वीसच्या वीस. रिजवान तिथंच उभा होता. हे त्याने लहानपणापासून हजार वेळा बघितलं असेल.

शेवटची उतरल्यावर तो पुढे आला, ड्रायव्हरच्या दाराशी. नबीलालने दार उघडलं होतं आणि सवयीने दोन्ही हात थोडे वर करून, काखा मोकळ्या करून तो बसला होता, उचलून घ्यायला सोपं जावं म्हणून.

रिजवानने हात पुढे केले आणि मागे घेतले. तो गाडीमागे गेला, फळी उचलून आणली, तिचं एक टोक केबिनच्या पायरीवर टेकवलं आणि दुसरं मातीत रोवलं. हलते का ते पायाने दाबून बघितलं. मग तो बाजूला झाला आणि दोन्ही हात त्याने पाठीमागे बांधले.

नबीलालने फळीकडे बघितलं. मुलाकडे बघितलं. बाबूरावने चहाचे कप हातात असूनही पाठ फिरवली आणि तो एका बकरीचे दात बघू लागला.

नबीलालने दाराला धरलं, आधी उजवा पाय पट्टीवर ठेवला, मग नकली पाय. थांबला. पुन्हा एक पट्टी. कुणी ओढलं नाही, कुणी हुं म्हटलं नाही. बकऱ्यांपेक्षा त्याला जरा जास्त वेळ लागला. तो खाली पोचला तेव्हा चहा गार झाला होता, आणि तो तिघांनी तसाच प्यायला.